डिस्कस, झाडं आणि राकसकोपचं पाणी

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही दोघंही नोकरी करतो. सकाळी साडेआठला कुलूप लावतो ते संध्याकाळी सहाला उघडतो. हॉलमध्ये चार फुटांची भिंत मोकळी आहे. एका लग्नघरी डिस्कस बघितले आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. हिरवीगार झाडं आणि त्यातून फिरणारे हे ताटासारखे मासे, असं चित्र डोळ्यांसमोर आहे. दुकानदार म्हणतात, झाडं तरी ठेवा नाहीतर डिस्कस तरी, दोन्ही जमत नाही. आणि डिस्कसचं पाणी रोज बदलावं लागतं. आमच्यासारख्यांनी नाद सोडावा का?
– एक शिक्षिका, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नाद सोडू नका. पण तुमच्या दुकानदारांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, म्हणून आधी ते काय म्हणत होते ते समजून घेऊ.

डिस्कसला 28 ते 30 अंश पाणी लागतं. बाजारातली निम्मी झाडं एवढ्या उबेत महिनाभरात मऊ पडून कुजतात. हा झाला पहिला तंटा. दुसरा असा की डिस्कसला पाणी फार स्वच्छ लागतं आणि झाडांसाठी आपण तळाला माती-खत घालतो. त्या मातीत खाऊ रुततो, सडतो आणि मासे काळवंडतात. हा तंटा सोडवायचा असेल तर आधी मासा ठरवायचा आणि मग त्याला मानवतील तीच झाडं आणायची. लोक उलट करतात. आधी लाल-गुलाबी पानांची झाडं, कार्बन डायऑक्साइडची नळकांडी आणि झगझगीत दिवे आणतात, आणि शेवटी त्यात डिस्कस सोडतात.

आता रोज पाणी बदलण्याचं. ते दीड-दोन इंचांच्या पिल्लांसाठी खरं आहे. पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा खायला लागतं, एवढं खाल्लं की पाणी घाण होणारच, आणि ते बदललं नाही तर पिल्लू खुजं राहतं. ती वाढ मागाहून भरून निघत नाही. म्हणून तुम्ही दोघांनी पिल्लं आणायचीच नाहीत. चार इंचांच्या पुढचे, अंग धरलेले मासे घ्या. महाग पडतील, पण तुमची देखभाल निम्म्याने कमी होईल ती इथेच. सहा घ्या, एकाच ठिकाणाहून, एकाच दिवशी. दोन-तीन ठेवले तर त्यातला दांडगा एकाला धरून बसतो आणि त्याला खाऊच देत नाही. सहांत ती मारामारी वाटली जाते. मोठ्या माशाला चाळीसेक लिटर पाणी धरा.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. पाण्यासकट, काच-वाळू धरून वजन साडेचारशे किलोच्या घरात जातं. तुमचं घर स्लॅबचं असेल तर भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवा. जुन्या मातीच्या घराच्या लाकडी माडीवर मात्र ही टाकी चढवू नका.

तळाला वाळूचा अगदी पातळ थर द्या, बोटाच्या पेरापेक्षा जास्त नको. आणायच्या आधी चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर त्यात चुना किंवा शिंपल्यांचा चुरा आहे, ती पाणी जड करत राहणार. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं काढली. उसाच्या रसात चुन्याची निवळी घालायची आणि पीएच मोजायचा, दिवसभर तेच काम. थोड्याशा चुन्याने काटा किती पटकन वर जातो ते हाताला माहीत झालं आहे. म्हणून टाकीत शंख-शिंपले, संगमरवराचे तुकडे, पांढरे खडे काही नको.

मग झाडं लावायची कशात? खानापूरच्या कुंभारांकडची बिनझिलईची पसरट मातीची भांडी आणा, दह्याच्या परळासारखी. त्यात खाली मूठभर पोयट्याची माती, वर दोन इंच धुतलेली वाळू, आणि त्यात ऍमेझॉन स्वोर्ड. एका टाकीला अशी तीन भांडी पुरतात. तीन-चार महिन्यांनी मुळाशी खताची एक गोळी खुपसायची. झाड बिघडलं तर भांडंच उचलून बाहेर, टाकी ढवळायची गरज नाही. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया, त्याची गवतासारखी पानं पाण्यावर लोळतात आणि माशांना सावली मिळते. क्रिप्टोकोरायनी वेंडटी कोपऱ्यात. ते लावल्यावर पंधरा दिवसांत सगळी पानं गळून पडतात, घाबरू नका, उपटू तर अजिबात नका; मुळातून नवीन येतात. लाकडावर ऍन्युबियास आणि जावा फर्न. यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, म्हणून लाकडाला बांधायचं. मी गोधडीचा सुती दोरा वापरते. दोरा कुजेपर्यंत मुळांनी लाकूड धरलेलं असतं.

आणि एक झाड घरातच आहे, मनीप्लांट. चार फांद्या टाकीच्या काठावर अशा अडकवा की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. माशांच्या घाणीतून शेवटी जो नायट्रेट उरतो तो हे झाड पोटभर खातं. आमच्याकडच्या मनीप्लांटची मुळं वर्षभरात हातभर झाली आणि मासे त्या जटांत शिरून दुपारची झोप काढतात. दिवा साधा एलईडी, टायमरवर, सहा-सात तास. त्याहून जास्त दिला तर झाडांआधी शेवाळच वाढतं.

हीटर एक मोठा घेण्यापेक्षा दीडशे वॉटचे दोन घ्या, टाकीच्या दोन टोकांना. एक बंद पडला तर दुसरा धरून ठेवतो, आणि एक चालूच राहिला तरी मासे शिजत नाहीत. बेळगावची डिसेंबरातली पहाट तुम्हाला सांगायला नको. फिल्टर कॅनिस्टरचा, म्हणजे टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याचा, आणि त्याच्या पाणी ओढणाऱ्या तोंडावर स्पंज बसवा. घाण त्या स्पंजातच अडकते. आठवड्याला तेवढा स्पंज काढून टाकीतल्याच पाण्यात पिळायचा. कॅनिस्टर दोन-तीन महिन्यांनी उघडला तरी चालतो. पाणी कोमट असलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून फिल्टरचा फवारा पाण्याच्या वरच्या अंगाला ठेवा, पृष्ठभाग हलता राहील.

मासे आणायच्या आधी टाकी चार ते सहा आठवडे चालवून घ्या. रोज चिमूटभर खाऊ टाका, तो सडू दे. त्यातून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि खाऊ टाकत असतानाही आठवडाभर शून्यच राहिले, की मासे आणायला निघा. एवढा धीर धरवत नाही म्हणून जेवढे डिस्कस मरतात तेवढे रोगाने मरत नसतील.

आता तुमचं आठवड्याचं काम. रविवारी ऐंशी-नव्वद लिटर पाणी बदलायचं. बादल्या उचलायला लागल्या की तिसऱ्या रविवारी कंटाळा येतो, चौथ्याला पाहुणे येतात, आणि तिथून टाकी बिघडते. म्हणून सोय आधी करा. न्हाणीघरात शंभर लिटरचा निळा ड्रम, त्यात शनिवारी रात्री नळाचं पाणी भरून हवेच्या पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड सोडा. सकाळी अँटी-क्लोरीनचे थेंब आणि तासभर हीटर. टाकीतलं पाणी पाइपने थेट मोरीत किंवा बागेत सोडायचं; गुलाबाला त्यासारखं खत नाही. ड्रममधलं पाणी छोट्या पंपाने टाकीत. सगळं मिळून वीस मिनिटं. राकसकोप धरणाचं पाणी पावसाळ्यात नळाला गढूळ येतं तेव्हा ब्लीचिंगचा वास नाकाला झोंबतो. त्या दिवसांत अँटी-क्लोरीनमध्ये काटकसर करू नका आणि एकदम अर्धी टाकी बदलू नका.

खाऊ सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटांत संपेल एवढा. गावाला जाताना तीन-चार दिवस मोठे मासे उपाशी ठेवले तरी त्यांना काही होत नाही. शेजाऱ्यांच्या हातात डबी देऊ नका, ते मायेने रोज मूठभर घालतात. जास्त दिवस जायचं असेल तर एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या.

एवढं केलंत की रोजचं काम टाकीसमोर बसण्याचं. ते मात्र चुकवू नका. कुठला मासा खायला मागे राहतो, कुणाचा रंग काळपट झाला, हे रोज बघणाऱ्यालाच कळतं. आणि एखादे दिवशी जोडी जमलेली दिसेल. माझ्या जोडीने ऍमेझॉन स्वोर्डच्या रुंद पानावर अंडी घातली होती. ही पिल्लं आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. बाजरीच्या भाकरीवर तीळ थापावेत तशी ती बापाच्या कुशीला चिकटली होती. थोड्या वेळाने त्याने अंग झटकलं आणि सगळी पिल्लं आईकडे गेली. मी चहा गार करून तिथेच बसले होते.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी. बादलीला पांढरे थर धरतात, पीएच आठच्या वर दाखवतो. दुकानातून पीएच कमी करायचं औषध आणलं, घातलं की सात होतो, दुसऱ्या दिवशी परत आठ. तंबाखूचा व्यवसाय आहे, घरालाच लागून गोदाम. डिस्कस ठेवू का?
– एक व्यापारी, निपाणी

उत्तर : औषध घालणं आजच थांबवा. तुमच्या पाण्यात चुनखडी विरघळलेली आहे. तुम्ही आम्ल घालता, ती चुनखडी ते पिऊन टाकते आणि पीएच परत वर येतो. असं घालत राहिलात की एक दिवस ती चुनखडी संपते आणि पीएच एका रात्रीत कोसळतो. त्या रात्री मासे जातात.

डिस्कसला शास्त्रीय नाव दिलं ते 1840 साली, योहान हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने. त्याचा तो रानटी डिस्कस ऍमेझॉनच्या काळ्या पाण्यातला, अतिशय मऊ आणि आंबट पाण्याचा. आपल्याला मिळतात ते पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत वाढलेले. ते साडेसात पीएचलाही नीट राहतात, फक्त तो रोज खालीवर व्हायला नको. तुम्ही आरओचं पाणी निम्मं आणि बोअरचं निम्मं असं मिसळा, आणि दर वेळी तेच माप ठेवा. आरओतून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी फरशीला वापरा. देशी बदामाची झाडावरून आपोआप गळलेली, तपकिरी झालेली दोन-तीन पानं धुऊन टाकीत टाका. पाणी चहासारखं होतं आणि माशांना ते मानवतं. पण एवढ्या जड पाण्याचा पीएच नुसत्या पानांनी उतरेल अशी आशा धरू नका.

आता गोदामाचं. हे मी फार कळकळीने सांगते. तंबाखूतलं निकोटिन माशांना विष आहे, ते कीटकनाशक म्हणून वापरलं गेलेलं द्रव्य आहे. तंबाखू चाळलेल्या हातांनी टाकीत हात घातला तर तेवढंही नको. साबणाने धुवा, मग नुसत्या पाण्याने भरपूर धुवा, साबणही त्यांना चालत नाही. शिवाय हवेचा पंप ज्या खोलीत असतो तिथली हवा ओढून पाण्यात सोडतो. गोदामाच्या बाजूच्या खोलीत धूळ उडत असेल तर टाकी तिथे नकोच. घराच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडच्या खोलीत जागा असेल तर खुशाल ठेवा.

प्रश्न : काकू, आमच्या गावाजवळच्या ओढ्यात गवतासारखी पाण्याखालची झाडं भरपूर आहेत. ती आणून लावली तर फुकटात काम होईल. आणि इकडे पाऊस एवढा, तर पावसाचं पाणी डिस्कसला चालतं का?
– एक कॉलेज विद्यार्थी, खानापूर तालुका

उत्तर : पाऊस चालतो, झाडं नकोत.

तू बघितलेली झाडं बहुतेक क्रिप्टोकोरायनीच्या घाटातल्या जातींपैकी असावीत. स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस या दोन सह्याद्रीच्या ओढ्यांत वाढतात. पावसाळ्यात पाण्याखाली आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की उघड्यावर, असा त्यांचा वर्षाचा फेरा असतो. बारा महिने कोमट पाण्यात त्यांचं मन रमेलच असं नाही. त्यांच्याबरोबर गोगलगायी, जळवा, माशांचे परजीवी टाकीत येतात. आणि तुमच्याकडचं कितीतरी रान भीमगड अभयारण्यात येतं, तिथलं पानही उचलायचं नाही. ती तिथेच बघ, फोटो काढ. मे महिन्यात परत जा, पाणी आटलेल्या रेतीत त्यांचं फुलणं बघायला मिळेल. मी नंदगडच्या बाजूला एका ओढ्यात गुडघ्यावर बसून ते बघितलं आहे.

पावसाचं पाणी मात्र मऊ, डिस्कसच्या आवडीचं. मृगाचे पहिले आठ-दहा दिवस कौलं धुऊन निघू देत. धूळ, शेवाळ, पाखरांची घाण सगळी जाऊ दे. मग पन्हळीखाली स्वच्छ पिंप ठेव, तोंडाला धोतराचं फडकं बांध. पत्र्याला रंग किंवा गंज असेल तर ते पाणी घेऊ नकोस. नुसतं पावसाचं पाणी घालायचं नाही, त्यात क्षारच नसतात. विहिरीच्या पाण्यात निम्मं मिसळायचं.

प्रश्न : डिस्कसबरोबर एंजल आणि निऑन टेट्रा चालतील का?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : एंजल नको. तो खायला चपळ आहे, डिस्कस सावकाश. शिवाय त्याच्या पोटातले रोग याला लागतात. निऑनला थंड पाणी लागतं, या उबेत तो लवकर थकतो. त्याच्यासारखाच दिसणारा कार्डिनल टेट्रा घ्या, पंधरा-वीसचा थवा. तळाला सहा स्टरबाय कोरीडोरास, हे तळाशी फिरणारे छोटे मासे. एवढं पुरे.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे लाईट गेली की कधी कधी रात्रभर येत नाही. डिस्कसला हीटर, फिल्टर सगळं लागतं असं वाचलं. अशा ठिकाणी हा मासा ठेवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ तर नाही ना?
– एक गृहिणी, चिकोडी

उत्तर : तुम्ही मासे आणायच्या आधी हा प्रश्न विचारलात, याचं मला बरं वाटलं.

ऑगस्ट 2019 चा महापूर तुमच्या भागाने तर जवळून बघितला. त्या दिवसांत आमच्या वडगावच्या घरी तीस तास वीज नव्हती. टाकी 29 वरून उतरत 24 वर आली. मी काय केलं ते सांगते. टाकीला तिन्ही बाजूंनी घोंगडी गुंडाळली, वर थर्माकोलचा तुकडा ठेवला, फक्त एक कोपरा उघडा. गॅसवर पाणी तापवून प्लास्टिकच्या बाटल्यांत भरलं आणि बाटल्या बंद करून टाकीत तरंगत सोडल्या. गरम पाणी थेट ओतायचं नाही. खाऊ पूर्ण बंद. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप लावला, तो रात्री दोनला बंद पडला. मग आम्ही घरातल्यांनी पाळ्या लावल्या. दर पंधरा मिनिटांनी तांब्याने पाणी उचलायचं आणि वीतभर उंचीवरून परत ओतायचं, वीस-पंचवीस वेळा. पहाटेपर्यंत सहाही मासे जिवंत होते, मागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून.

संध्याकाळी लाईट आली आणि मी आनंदाच्या भरात फिल्टरचं बटण दाबलं. तिथे चुकले. बंद कॅनिस्टरमध्ये तीस तास पाणी साचलेलं, प्राणवायू संपून आतले जिवाणू मेलेले आणि सडलेले. ते सगळं पाणी एका दमात टाकीत गेलं. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. लगेच अर्धं पाणी बदललं, तरी सगळ्यात मोठा, लाल ठिपक्यांचा, रात्री साडेनऊला आडवा झाला.

तुम्ही तसं करू नका. दोन-तीन तासांच्या वर वीज गेली असेल तर आधी कॅनिस्टर उघडा, आतलं पाणी फेका, स्पंज आणि रिंगा टाकीतल्या पाण्यात खळबळून घ्या, मगच सुरू करा. पुढचा आठवडाभर रोज अमोनिया मोजा, कारण जिवाणूंना परत जम बसायला वेळ लागतो; त्या आठवड्यात खाऊ निम्मा आणि पाणी एक दिवसाआड थोडं बदलायचं. त्याहून चांगलं म्हणजे टाकीत कॅनिस्टरबरोबर हवेवर चालणारे दोन स्पंज फिल्टर कायम ठेवा. हवेचा पंप अगदी थोडी वीज खातो, घरच्या इन्व्हर्टरवर तो रात्रभर चालतो. इन्व्हर्टरला हीटर मात्र जोडू नका, तासाभरात बॅटरी बसेल. ऊब घोंगडीने आणि बाटल्यांनी सांभाळता येते.

त्या पुरानंतर आमच्या उरलेल्या पाचांनी तीन दिवस तोंडाला काही लावलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी कोळंबीचा बारीक किस हातात धरून पाण्यात बुडवला. सगळ्यात लहान मादी कोपऱ्यातून पुढे आली, हातापासून चार बोटांवर थांबली, आणि मग तिने घास घेतला.